रेड डॉट साइट पहिल्यांदा वापरताना: निवड, बसवणी, झिरोइंग आणि सराव

उघड्या साइटने, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरायच्या साध्या खुणांनी, नेम धरताना डोळ्यापुढे एकाच वेळी तीन गोष्टी असतात: मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा) आणि लांबचं टार्गेट. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतात, माशी स्वच्छ ठेव, टार्गेट थोडं धूसर राहू दे. विशीतल्या पोराला हे जमून जातं. चाळिशी लागलेल्याला हातभर अंतरावरची माशीच धूसर दिसू लागते आणि चांगला नेम असलेली माणसंही कंटाळून रेंजवर येणं बंद करतात. रेड डॉट साइट नेमकी ही अडचण दूर करते. काचेत लाल ठिपका दिसतो, तो टार्गेटवर आणायचा. खाच नाही, माशी नाही, जुळवाजुळव नाही.

एवढं सोपं वाटतं म्हणूनच नवखे लोक इथे फसतात. ठिपका नेम दाखवतो, पण ट्रिगर तुम्हालाच दाबायचा असतो. चुकीचा दाबला तर ठिपका शेवटच्या क्षणी कुठे उडाला हेही तो दाखवतो. माझ्या मते या साइटचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. उघड्या साइटवर हाताची जी थरथर लक्षातच येत नाही, ती इथे डोळ्यांसमोर नाचते. ती पाहायची तयारी असेल तर पुढे वाचा.

ठिपका येतो कुठून

साइटच्या आत मागच्या बाजूला एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो. त्या काचेवर असा लेप असतो की लाल प्रकाश तेवढा परतून डोळ्याकडे येतो आणि बाकीचा आरपार जातो. दुकानाच्या काचेत आतला माल आणि आपलं प्रतिबिंब दोन्ही एकदम दिसतं, तसंच इथे टार्गेट आणि ठिपका एकत्र दिसतात. लाल रंग काचेनं अडवल्यामुळे पलीकडचं दृश्य किंचित निळसर-हिरवट दिसतं. तो दोष नव्हे, पण काच फारच निळी दिसत असेल तर लेप स्वस्तातला आहे असं समजा.

काचेचा वक्र असा घडवलेला असतो की परतलेले किरण एकमेकांना समांतर होऊन डोळ्यात शिरतात. त्यामुळे ठिपका काचेवर चिकटल्यासारखा न दिसता दूर टार्गेटजवळ असल्यासारखा भासतो. डोळ्याला टार्गेटवरून नजर हलवावी लागत नाही. ही कल्पना जुनी आहे. डब्लिनमध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत अशाच साइट होत्या. बंदुकीवर मावेल एवढा लहान आणि थोडक्या विजेवर चालणारा दिवा मात्र एलईडी आल्यावरच मिळाला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये अशी पहिली साइट बाजारात आणली.

लेझर आणि रेड डॉट यांत बऱ्याच जणांचा घोळ होतो. लेझरचा ठिपका टार्गेटवर पडतो आणि समोरच्यालाही दिसतो. रेड डॉटमधून टार्गेटवर ठिपका पडत नाही. ठिपका फक्त साइटमागे डोळा असलेल्यालाच दिसतो.

आधी ठरवा, तुम्हाला ही हवी आहे का

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी स्पर्धेची वाट धरायची असेल तर सरळ सांगतो, रेड डॉटवर पैसे घालू नका. ऑलिम्पिकमधल्या रायफल आणि पिस्तूल प्रकारांत आयएसएसएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, नियम चालतात आणि त्यांत अशी साइट चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक ४५१.४ गुणांनी जिंकलं. त्याच्या रायफलीवर मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे गोल कडं, एवढंच होतं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही अशाच साइटवर.

यामागे नियमाइतकंच गणितही आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. बाजारातल्या सर्रास मिळणाऱ्या ३ एमओएच्या (हे ठिपक्याच्या आकाराचं एकक, पुढे समजावलं आहे) रेड डॉटचा ठिपका त्याच अंतरावर जवळपास ९ मिलिमीटर जागा व्यापतो. म्हणजे दहा गुण ठिपक्याखाली पार झाकले जातात. गोलात गोल बसवणारी छिद्राची साइट इथे रेड डॉटपेक्षा कितीतरी बारीक काम करते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, तिथे हाच ठिपका आत मावतो. म्हणून नुसत्या आनंदासाठी पिस्तूल चालवणाऱ्याला रेड डॉट भावते आणि मॅच रायफलवाल्याला ती ओबडधोबड वाटते. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे.

रेड डॉटचं खरं मैदान म्हणजे वेळेशी शर्यत. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीच्या स्पर्धांत नेमबाज चालत-पळत एकामागून एक टार्गेट घेतो. १९९० साली ॲडलेडच्या आयपीएससी जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या डग कोनिगने पिस्तुलावर रेड डॉट लावून विजेतेपद मिळवलं. त्यानंतर त्या खेळातल्या ओपन गटाचं (जिथे पिस्तुलात बरेच बदल चालतात) चित्रच बदललं. आज तिथे साध्या पिस्तुलावर रेड डॉट लावणाऱ्यांसाठीही वेगळा गट आहे.

आणखी एका ठिकाणी इलेक्ट्रॉनिक साइटशिवाय खेळच होऊ शकत नाही, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. दृष्टिहीन खेळाडूंच्या पॅरा नेमबाजीत साइट नेमाचं आवाजात रूपांतर करते. खेळाडूच्या कानात हेडफोन असतो आणि नेम मध्याजवळ जाईल तसतसा सूर चढत जातो. सूर सगळ्यात वर पोचला की ट्रिगर. ज्यांना ठिपकाच काय, टार्गेटही दिसत नाही, ती माणसं कानाने दहा गुण घेतात. दृष्टी अधू असलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्यापर्यंत ही माहिती जरूर पोचवा.

कायद्याचं थोडक्यात

भारतात ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापुढच्या सगळ्याला शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. परवान्याच्या शस्त्रावर साइट बसवण्यासाठी छिद्र पाडायचं किंवा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) कापायची असेल तर ते काम परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्या. ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल घेऊन जाऊ नका. परदेशी संकेतस्थळावरून साइट मागवण्याआधी ती आयात करता येते का, हे कस्टम्सकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून घ्या. आणि एअरगनला परवाना नाही म्हणून पक्ष्यांवर छर्रे मारायचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे आडवा येतो, आणि यायलाच हवा. परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या क्लबात तिथले नियम विचारावेत, दर देशात ते वेगळे आहेत.

कोणती घ्यायची

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठिपक्याच्या आकाराचा येतो. तो एमओए या एककात सांगतात. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर भरतो, ५० मीटरवर १.४५ सेंटिमीटर, २५ मीटरवर ७.३ मिलिमीटर आणि १० मीटरवर २.९ मिलिमीटर. ही चार आकड्यांची ओळ पाठ करा, झिरोइंगला, म्हणजे ठिपका आणि छर्रा एका जागी जुळवताना, तीच कामाला येते. कागदावर शांतपणे नेम धरायचा असेल तर २ एमओए घ्या. पिस्तुलावर पटकन दिसायला हवा असेल तर ३ ते ६. नवख्याने रायफलसाठी २ आणि पिस्तुलासाठी ३ च्या आसपास राहावं असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न दुकानदार विचारत नाही, पण तो जास्त महत्त्वाचा आहे: तुमच्या चष्म्याला सिलिंडर नंबर आहे का? असेल तर गोल ठिपक्याऐवजी तुम्हाला फुटलेला तारा, स्वल्पविराम किंवा द्राक्षांचा घोस दिसण्याची शक्यता आहे. लोक साइट खराब म्हणून परत करतात आणि दुसरीतही तेच दिसतं. तपासायची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून ठिपका पाहा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर साइट ठीक आहे. मग साइट हातात धरून हळूहळू फिरवा. ठिपक्याचा विद्रूपपणा साइटबरोबर फिरला तर दोष साइटमध्ये, जागच्या जागी राहिला तर तुमच्या डोळ्यात. नेहमीचा चष्मा लावून पुष्कळांचा प्रश्न सुटतो. नाही सुटला तर प्रिझम साइट पाहा. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते, त्यामुळे ती बहुतेकांना स्वच्छ दिसते आणि सेल संपला तरी काळी खूण शिल्लक राहते.

बाकी प्रकार फारसे नाहीत. नळीसारखी बंद साइट धूळ-पाणी सहन करते. उघड्या काचेची साइट हलकी आणि ऐसपैस दिसते, पण तिच्या एलईडीवर पावसाचा एक थेंब बसला तरी ठिपका पसरतो. होलोग्राफिक साइटमध्ये लेझर आणि होलोग्राम असतो, बहुधा ६५ एमओएचं कडं आणि मधोमध १ एमओएचा बिंदू. ती महाग आणि सेलखाऊ. एमपॉइंटच्या मायक्रो टी-२ ला कंपनी एका सीआर २०३२ सेलवर ५०,००० तास सांगते, तर होलोग्राफिक साइट हजार तासांच्या आसपास चालतात. शिकाऊ माणसाला होलोग्राफिकची गरज नाही.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर साइट लावणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारायची: ही साइट स्प्रिंग एअरगनचा धक्का सोसते का? काडतुसाची बंदूक मागे धक्का देते. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पिस्टन पुढे आदळला की पुढे, असा दुहेरी झटका देते. आवाज कमी म्हणून लोक तिला सौम्य समजतात आणि मग साइटच्या आतली जोडणी ढिली पडते. ऑनलाइन मिळणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या साइट इथे छर्र्यांच्या पहिल्या डब्यातच दम तोडतात.

बसवणं

सुरुवातीला बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. नळीत छर्रा नाही, मॅगझिन बाहेर, नळी सुरक्षित दिशेला. दोनदा पाहा, आणि कोणी शेजारी असेल तर त्यालाही पाहायला सांगा. मगच पाना हातात घ्या.

बहुतेक एअर रायफलींवर साइट बसवायला ११ मिलिमीटरची डव्हटेल (तिरक्या कडांची) खाच असते आणि बहुतेक साइट रुंद पिकाटिनी रेलसाठी (आडव्या खाचांच्या पट्टीसाठी) बनवलेल्या असतात. ह्या दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने आवळल्या तर दोन्हीचे कंगोरे जातात. मधे अडॅप्टर लागतो, तो धातूचा आणि एकसंध घ्या. साइटवर पंधरा हजार खर्चून माउंट (साइट बंदुकीला धरून ठेवणारा भाग) दोनशेचा घेणारे मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. नंतर ते महिनाभर झिरो करत बसतात आणि झिरो टिकत नाही, कारण दर छर्‍याला माउंट केसभर सरकत असतो.

खाच आणि माउंट स्पिरिटने पुसून तेल काढा. स्प्रिंगच्या रायफलीवर मागे एक छोटं छिद्र असतं, माउंटची अडवणारी पिन त्यात बसवा. पिकाटिनी रेलवर माउंट पुढच्या बाजूला दाबून धरूनच स्क्रू आवळा. दोन स्क्रू असतील तर थोडं हे, थोडं ते असं आलटून पालटून. कंपनीने टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळायचा याचा, आकडा दिला असेल तर तो पाळा. नसेल तर छोट्या ॲलन कीची आखूड बाजू बोटांत धरून जेवढं घट्ट बसेल तेवढं पुरे, लांब बाजूने जोर लावू नका. निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक थेंब माउंटच्या स्क्रूला चालतो. साइटच्या समायोजनाच्या स्क्रूला चुकूनही लावू नका.

शेवटी पांढऱ्या मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत एक सरळ रेघ मारा. पुढे कधीही ही रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू ढिला झाला हे नजरेनेच कळतं.

झिरोइंग

झिरो करणं म्हणजे ठिपका जिथे, छर्रा तिथे. हे काम घाईत करू नका, एक सकाळ राखून ठेवा.

दहा मीटरवर कोरा कागद लावा आणि मधे दोन सेंटिमीटरचा काळा गोल. रायफल टेकवायला वाळूची पिशवी घ्या. स्प्रिंगच्या रायफलीत एक पथ्य आहे: तिचा पुढचा भाग थेट पिशवीवर ठेवू नका. पिशवीवर आपला तळहात आणि तळहातावर रायफल, सैलसर. आवळून धरली किंवा कडक वस्तूवर टेकवली तर दर वेळी ती वेगळी उसळते आणि छर्रे विखुरतात.

पाच छर्रे मारा. नेम प्रत्येक वेळी तोच, ठिपका गोलाच्या मधोमध. छर्रे कुठेही पडोत, मधेच स्क्रूला हात लावायचा नाही. नवख्यांचा हात इथेच शिवशिवतो. एक छर्रा डावीकडे गेला की ते समायोजनाचा स्क्रू दोन क्लिक (टक् अशा दोन पायऱ्या) उजवीकडे फिरवतात, पुढचा वर गेला की खाली फिरवतात. असं केलं तर आपण स्वतःच्या थरथरीचा पाठलाग करत राहतो. पाच भोकांचा मध्य काढा आणि तोच खरा मानायचा.

समजा मध्य गोलापासून ३ सेंटिमीटर खाली आणि २ सेंटिमीटर डावीकडे आला. साइटचा एक क्लिक १ एमओएचा असेल, तर दहा मीटरवर तो २.९ मिलिमीटर हलवतो. ३० ला २.९ ने भागा, साधारण १० क्लिक वर. २० ला भागा, साधारण ७ क्लिक उजवीकडे. क्लिक अर्ध्या एमओएचा असेल तर याच्या दुप्पट. बहुतेक साइटवर बाणाची दिशा छर्रा कुठे सरकेल हे सांगते. छर्रा वर न्यायचा म्हणून 'वर'च्या दिशेला फिरवलं की काचेतला ठिपका मात्र खाली उतरतो, आणि तो पुन्हा गोलावर आणण्यासाठी तुम्ही नळी उचलता. हे उलटं वाटतं, गोंधळू नका, बाणावर विश्वास ठेवा.

पुन्हा पाच छर्रे. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, गोलाला शिवतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत आत जातो. मग एक परीक्षा घ्या. दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, आणि पुन्हा पाच छर्रे. साइट प्रामाणिक असेल तर ग्रुप पहिल्या जागी परततो. भलतीकडे गेला तर साइट दुकानात परत करा, पावती सांभाळलेली असू द्या.

दोन गोष्टी इथे समजून घ्यायला हव्यात. पहिली, साइटची उंची. ठिपक्याची रेषा नळीच्या तीन-चार सेंटिमीटर वरून जाते आणि छर्रा खालून निघतो. दहा मीटरवर झिरो केलेली रायफल पाच मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर खाली मारते. थोडं पुढे छर्रा रेषेच्या किंचित वर जातो आणि पंचवीस मीटरपर्यंत पुन्हा खाली उतरतो. जवळचं टार्गेट सोपं समजून लोक तिथेच चुकतात. प्रत्येक अंतरावर पाच छर्रे मारून किती खाली-वर ते लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की ठिपका टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसणं. जाहिरातीत 'पॅरालॅक्स फ्री' लिहिलेलं असतं, ते जवळच्या अंतरावर पूर्ण खरं नसतं. रायफल पिशव्यांमध्ये पक्की बसवा, ठिपका गोलावर आणा आणि बंदुकीला हात न लावता फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा. ठिपका गोलावरून थोडा सरकताना दिसेल. किरण पूर्ण समांतर असलेल्या साइटमध्ये ही चूक फार तर काचेच्या व्यासाच्या निम्मी होते. काच २० मिलिमीटरची असेल तर १० मिलिमीटर. शंभर मीटरवर एवढ्याने काही बिघडत नाही, दहा मीटरवर मात्र तो सगळा ग्रुप आहे. उपाय साधा आहे: गाल दर वेळी कुंद्याच्या (रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) त्याच जागी टेकवायचा आणि ठिपका काचेच्या साधारण मधे ठेवायचा.

उजेड किती ठेवायचा

नवखा माणूस ठिपका भडक ठेवतो. भडक ठिपका पसरतो, २ चा ५ एमओए दिसू लागतो आणि टार्गेट झाकतो. आधी उजेड पूर्ण कमी करा, मग ठिपका टार्गेटवर जेमतेम स्पष्ट दिसेपर्यंत एकेक पायरी वाढवा. बंद रेंजमधून दुपारच्या उन्हात आलात की हे पुन्हा करायचं.

सराव

उघड्या साइटवरून येणाऱ्यांना एक सवय मोडावी लागते. तिथे नजर माशीवर होती, इथे ती टार्गेटवर हवी. ठिपक्याकडे पाहत राहिलात तर तो सारखा हलताना दिसतो, तुम्ही त्याला पकडायला जाता आणि मध्यावर आला रे आला की ट्रिगर खेचता. तो छर्रा हमखास बाहेर जातो. टार्गेटवरचा एक बारीक बिंदू निवडा, एखाद्या जुन्या भोकाची कड चालेल. तिच्यावर नजर रोखा. ठिपका आपोआप तिथे येऊन रेंगाळतो. तो थरथरेल, थरथरू दे. ट्रिगरवरचा दाब त्या थरथरीतच एकसारखा वाढवत न्या. ठिपका एका रुपयाएवढ्या जागेत डुलत असेल तर छर्रेही साधारण तेवढ्याच जागेत पडतात. ट्रिगर झटका देऊन खेचला तर त्याच्या दुप्पट जागेत.

हे अंगवळणी पाडण्यासाठी एक सराव फार उपयोगी आहे. साइटच्या पुढच्या काचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा. आता साइटमधून टार्गेट दिसणार नाही, फक्त ठिपका दिसेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून टार्गेटकडे पाहा. एक डोळा ठिपका पाहतो, दुसरा टार्गेट, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो. ठिपक्याकडे टक लावलंत की टार्गेट नाहीसं होतं, टार्गेटकडे पाहिलंत की दोन्ही दिसतात. चूक तिथल्या तिथे कळते. पट्टीमुळे ग्रुप एका बाजूला थोडा सरकू शकतो, म्हणून पट्टी लावलेली असताना झिरो बदलू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवणं सुरुवातीला जमलं नाही तर नको असलेल्या डोळ्याच्या चष्म्यावर अर्धपारदर्शक टेपचा तुकडा लावा. डोळा मिटून चेहरा आवळण्यापेक्षा ते बरं.

पिस्तुलावर पहिल्या दिवशी वेगळाच त्रास होतो: हात पुढे करावा तर ठिपका दिसतच नाही. मग माणूस पिस्तूल गोलगोल फिरवत ठिपका शोधतो. बहुतेकांची नळी वर गेलेली असते. ठिपका काचेच्या वरच्या कडेने निसटला असेल तर नळी खाली आणा, डावीकडे निसटला असेल तर उजवीकडे. घरी रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहा, डोळे मिटा, हात वर आणा आणि डोळे उघडा. ठिपका कुठे आहे? मनगट किंचित सुधारा, पुन्हा तेच. रोज थोडा वेळ केलं तर काही आठवड्यांत ठिपका नजरेत आपण होऊन येऊ लागतो. हा सराव मॅच एअर पिस्तुलावर त्याच्या ड्राय फायर कळीनेच (छर्र्याशिवाय ट्रिगरचा सराव करायच्या सोयीनेच) करा. स्प्रिंगची एअरगन छर्र्याशिवाय उडवायची नाही. पिस्टनला गादी देणारी हवा मिळत नाही आणि तो थेट आदळतो.

उघड्या साइट काढून टाकू नका, शक्य असेल तर त्यांच्यासह रेड डॉट बसवा. सेल कधीही संपतो, आणि उघड्या साइटवर जे हात तयार होतात ते कुठेही चालतात. आठवड्यातला एक दिवस साइट बंद ठेवून माशीवर नेम धरत जा.

पावसाळा आणि सेल

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत साइटचा खरा शत्रू दमट हवा आहे. जून ते सप्टेंबर साइट बंदुकीच्या कापडी पिशवीत पडून राहिली तर काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती लेप खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. एसी गाडीतून उतरून लगेच रेंजवर उभे राहिलात तर काच धुकटते. शर्टाच्या टोकाने पुसू नका, दहा-पंधरा मिनिटं पिशवी उघडी ठेवा, धुकं आपोआप जातं. धूळ असेल तर आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी चष्म्याचं मायक्रोफायबर कापड. धुळीवरच कापड फिरवलं की लेपावर ओरखडे आलेच.

सेल कधी बदलायचा यासाठी मी लोकांना खंडेनवमी सांगतो. घरोघरी शस्त्रं आणि अवजारं पुजायला बाहेर काढतातच, तेव्हाच साइटमध्ये नवा सेल घाला, मार्करची रेघ तपासा आणि रबरी वॉशर तडकला नाही ना ते पाहा. वर्षभर सेल बदलावा लागला नाही तरी बदला. फार दिवस साइट वापरायची नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा, स्वस्त सेल पाझरून आतल्या धातूच्या पट्ट्या खातात.

वही

एक छोटी वही बंदुकीच्या पिशवीत ठेवा. झिरोचं अंतर, छर्र्याचं नाव आणि वजन, झिरोपासून किती क्लिक हलवले, सेल घातल्याची तारीख. छर्रा बदलला की झिरो बदलतो, एकाच कंपनीचा जड छर्रा घेतला तरी. पुढच्या वेळी रेंजवर गेल्यावर स्क्रूला हात लावण्याआधी पहिले पाच छर्रे झिरोच्या अंतरावर मारा आणि वहीतल्या नोंदीशी जुळवा. जुळले नाहीत तर या क्रमाने शोधा: माउंटची रेघ, छर्र्याचा डबा, गालाची जागा, आणि सगळ्यात शेवटी साइट. रेंजवरून निघताना साबणाने हात धुवा, छर्रे शिशाचे असतात.